हौसाआत्याचा हिरडा

हौसाआत्याच्या बोटांची टोकं उन्हाळाभर काळी असायची. चैत्र लागला की हिरड्याची कोवळी फळं काढायची, पाटीत भरून घरी आणायची, अंगणात वाळत घालायची. या सगळ्या खटाटोपात त्या फळांचा तुरट रस बोटांत असा मुरायचा, की राख घासा, चिंच चोळा, तो काही जायचा नाही. त्याच बोटांनी ती माझी वेणी घालायची. एकदा शाळेतल्या बाईंनी माझ्या कपाळावरचा काळा डाग पाहून विचारलं होतं, "सुमन, शाई लागली का गं?" मी मान डोलावली. शाईची शोभा हिरड्याच्या डागाला कशी येणार, असं मला तेव्हा वाटायचं. आता साठी उलटून बरीच वर्षं झाली, संगमनेरच्या घरात नळाला पाणी आणि डब्यात तीन जातींचे साबण आहेत, आणि एखाद्या दुपारी वाटतं की कुणीतरी मागून येऊन तसा डाग कपाळावर लावून जावा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही वडिलांना बा म्हणायचो. आत्या त्याला भिवा म्हणायची आणि तो तिला आक्का. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा बा रांगत होता म्हणे. आत्यानेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. पुढे तिचं लग्न झालं, पण नवऱ्याने दुसरी केली आणि ती एका गाठोड्यानिशी माघारी आली. तिला काय झालं, कसं झालं, हे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आईकडून एवढंच कळलं, की आजोबांनी तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन ते डोंगराच्या उतारावर गेले आणि तिथल्या जुन्या हिरड्याच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीच्या नावावर जमीन करायची आपल्यात रीत न्हाई. पन झाड द्यायला मला कुनी अडवत न्हाई. हे तुझं." तेव्हापासून जमीन बाची आणि तिच्यातलं ते एक झाड आत्याचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण बाने त्या झाडाची काडीही कधी तोडली नाही, आणि आम्ही पोरं झाडावर चढायच्या आधी आत्याला विचारायचो. वाळलेला हिरडा ती राजूरच्या बाजारात विकायची. त्यातून तिचं लुगडं व्हायचं, माझी पाटी-पेन्सिल व्हायची, आणि उरलंच तर गुळाच्या शेवेचा पुडा यायचा. बाजारातून परतताना ती ताठ चालायची. त्या चालण्याचा अर्थ मला खूप पुढे, माझा पहिला पगार हातात आला तेव्हा कळला.

आमच्या अकोल्याच्या डोंगराकडच्या मुलांना जमिनीचे प्रकार मामा-मावशी-काकू अशा नात्यांसारखे आपोआप पाठ होत. ओढ्याकाठचं भाताचं खाचर ती मालकी. तिच्यावरचा उतार, जिथे नागली-वरई व्हायची, ती वरकस. तीही मालकीच, पण गरीब नात्यातली. गावाच्या खालच्या अंगाला गुरं चरायची ते गायरान, सगळ्यांचं. आणि वरकसच्या वर, बुरजांच्या पलीकडे, फॉरेस्ट. बुरूज म्हणजे किल्ल्याचा नव्हे. हद्द कळावी म्हणून सरकारने कधीकाळी रचलेले कमरेएवढे दगडांचे ढीग, वरून चुना मारलेले. त्यांच्या अलीकडची करवंदं खाल्ली तर खाल्ली, पलीकडची खाल्ली तर गार्ड ओरडणार, हे कळण्याइतकं शहाणपण आम्हाला चालायला लागल्याबरोबर यायचं. करवंदाच्या जाळ्यांना मात्र ते नव्हतं. त्या दोन्हीकडे सारख्याच वाढायच्या. आमच्या उतारावरचा बुरूज तर केव्हाच ढासळून गवतात गेला होता. त्याची कधी गरजही पडली नव्हती.

मी सांगते आहे तो उन्हाळा दुष्काळातला. आमच्याकडे पाऊस देशावरच्यापेक्षा जास्त, पण त्या वर्षांत त्यानेही हात आखडला होता. नागली वितभर होऊन करपली. घरात रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी व्हायची, ती थापताना चिरत जायची आणि आई वैतागून म्हणायची, "हिला अंगच न्हाई." सोबत हुलग्याचं पातळ कालवण आणि खुरासणीची चटणी. संध्याकाळी चुलीपुढे आम्ही बसायचो, आत्या सुपात हिरडा घेऊन खडे निवडायची, आणि त्या वाळल्या फळांचा सुपावर खळखळ असा आवाज व्हायचा, ओढ्याला पाणी असल्यासारखा. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आलेली होते. शाळेत शिकलेलं मोठमोठ्याने सांगायची मला खोड, आणि ऐकून घेण्याची आत्याला.

त्याच दिवसांत आमचा पवळ्या बैल गेला. चारा नव्हताच, त्यात वय झालेलं. सकाळी बा गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आई बघायला गेली तर तो पवळ्याच्या मानेवर हात ठेवून बसलेला. राहिलेला एक बैल एकट्याने खाचर कसा नांगरणार? मिरगाच्या आधी दुसरा बघायला हवा होता. आणि अशा वेळी बरोबर कोळशाच्या ठेकेदाराचा माणूस दारात आला. आमच्या भागात तेव्हा मालकीच्या जमिनीतली झाडं ठेक्याने घेऊन त्यांचा कोळसा पाडायचं काम जोरात चाललं होतं. भट्ट्यांचा धूर समोरच्या डोंगरावर रोज दिसायचा. त्या माणसाने आमचा उतार फिरून पाहिला, चहा घेतला आणि सौदा सांगून गेला. बैल येईल एवढं नक्की होतं.

त्या संध्याकाळी बा जेवायला बसला, पण घास तोंडात जाईना. आत्या समोरच सुपाशी होती.

"आक्का," बा म्हणाला, "तो मानूस म्हनतो, उतारावरचं सगळं घेईन. अर्धंमुर्धं न्हाई."

"सगळं म्हंजे?"

बा भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"हिरडा पन?"

"मी बोललो त्याला. तेवढं एक झाड सोड म्हनलं. तो म्हनतो, थोराड झाडांचाच कोळसा पडतो, तीच सोडून मला काय झुडपं देतोस?"

सुपाचा आवाज थांबला. मला वाटलं आता आत्या चिडेल, रडेल. निदान आजोबांचं नाव तरी काढेल. तिने सूप खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "झाड माझं हाय, भिवा. पन हुबं हाय तुझ्या जमिनीत. ते उचलून मी कुठं नेऊ?"

बाला ठसका लागला. आई पाणी द्यायला उठली आणि तिथूनच म्हणाली, "वन्सं, बैलाबिगर खाचर पडून ऱ्हाईल. हौस म्हनून का कोन झाडं इकतं?"

"मला कळत न्हाई व्हय?" आत्या म्हणाली. "तुमी पोरंबाळंवाले. बैल पायजेच." आणि तिने सूप पुन्हा हातात घेतलं. मी तिच्या शेजारी सरकून बसले. ती निवडलेले खडे पुन्हा सुपातच टाकत होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

झाडं तोडायची तर परवानगी हवी, आणि परवानगी हवी तर आधी हद्द कायम करायला हवी. मालकी कुठे संपते आणि फॉरेस्ट कुठे सुरू होतं ते मोजणीदाराने येऊन ठरवायचं. काही दिवसांनी तो आला. जाडसर, हसतमुख माणूस, डोक्यावर ओला टॉवेल. बरोबर साखळी धरणारे दोघे, ठेकेदाराचा तो माणूस आणि आमचा गार्ड. गार्ड पोरसवदाच होता, कोल्हारकडचा, पाटपाण्याच्या उसातून उठून आमच्या कातळावर नोकरीला आलेला. गाव आठवलं की आमच्या अंगणात येऊन बसायचा. आई त्याला ताक द्यायची. त्या दिवशी मात्र तो टोपी-बिल्ला लावून ताठ होता. मी पाण्याची कळशी घेऊन वर गेले होते, तर मोजणीदाराने माझ्या हातात लाल झेंडी दिली. "शिकलेली दिसतेस. मी सांगेन तिथं सरळ धरून उभी राहा."

साखळी दगडांवरून खणखणत सरकत होती. पावशा कुठेतरी ओरडत होता, आणि पानगळ झालेल्या उतारावर सावली म्हणून फक्त आत्याच्या हिरड्याची. त्या सावलीतच मोजणीदाराने नकाशा पसरला. दोन टोकांचे बुरूज शाबूत होते, पण मधला सापडेना, आणि चढउतारावर साखळीचं माप दर वेळी वेगळं येई. त्याने मला आधी हिरड्याच्या वरच्या अंगाला, कातळाशी उभं केलं. मग खाली, करवंदाच्या जाळीशी. मग पुन्हा वर. वरच्या जागी दुसऱ्यांदा गेले तेव्हा वाळल्या गवतात माझा पाय एका दगडावर पडला. गवत बाजूला केलं. त्याच्याजवळ आणखी दगड होते, अर्धे मातीत गेलेले, आणि एकावर चुन्याचा पांढरा पोपडा.

म्हणजे बुरूज इथे होता. म्हणजे हिरडा मालकीत, आणि मालकीत म्हणजे भट्टीत. ओरडून सांगावं की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी खाली पाहिलं. बा झाडापासून लांब, उन्हात उभा होता. तो सावलीत आला नव्हता. आणि आत्या उतार चढून येत होती.

"दोन्हीकडं बसतंय बघा," मोजणीदार घाम पुसत गार्डला म्हणत होता. "नकाशा जुना. गावातलं कुणी जाणतं आहे का?" मग आत्याकडे लक्ष गेलं तसं तो म्हणाला, "आजी, तुम्ही इथल्याच का?"

"जल्म हितलाच."

"फॉरेस्टचा बुरूज कुठं होता, आठवतं का? वरती, ती पोरगी उभी आहे तिथं, की खाली?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही पाय त्या दगडांवर घेतले आणि झेंडी सरळ धरली. मग तिने बाच्याकडे पाहिलं. झाडाकडे मात्र तिने पाहिलंच नाही. ती वळली, जशी आली होती तशीच सावकाश उतार उतरली, करवंदाच्या जाळीपाशी थांबली आणि पायाने जमीन दाबून म्हणाली, "हितं."

ठेकेदाराचा माणूस पुढे झाला. "म्हातारे, नीट आठव. तिथं धरला तर ही सगळी पट्टी फॉरेस्टात जाती. हे झाड बी जातं."

"जातं तर जातं," आत्या म्हणाली. "बुरूज काय माज्या सोयीनं बांधला हुता व्हय?"

"आन् झाड सरकारी झालं तर पुन्हा हात लावता यायचा न्हाई," गार्ड हळूच म्हणाला. त्याला ते झाड कुणाचं ते माहीत होतं. "हिरडा बी न्हाई, आत्या."

"ऐकलं म्या."

मोजणीदार बाच्याकडे वळला. "तुमची जमीन कमी होते. वरकस असली तरी जमीनच ती. तुम्हाला मान्य आहे का? तुम्ही वर म्हणालात तर मला पुन्हा साखळी लावावी लागेल."

बाने डोक्यावरचं पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. तो आत्याकडे बघत होता. ती जाळीशी तशीच उभी, पाय त्याच जागेवर. मला वरून दोघंही दिसत होती, आणि मला वाटत होतं की माझ्या पायाखालचे दगड खालपर्यंत ऐकू येत असतील.

"आक्का माज्याहून मोठी हाय," बा म्हणाला. "ती म्हनती तर तितंच असंल."

त्याने अंगठा दिला. पट्टी फॉरेस्टात गेली, तिच्यातली आमची वरईची जागा गेली, आणि ठेकेदाराच्या माणसाने तिथल्या तिथे सौदा कमी केला. मोजणी संपवून सगळे खाली गेले तरी मी वरच होते. शेवटी मी तो चुन्याचा दगड उचलला आणि फॉरेस्टच्या बाजूला घळीत सोडून दिला. गडगडत जाताना त्याने एवढा आवाज केला, की मी झेंडी टाकून पळत सुटले.

संध्याकाळी आई जात्यावर बसली होती. मी समोर खुंट्याला हात लावला. तिच्या मनात काय असेल याची मला भीती होती. गेल्या बैलाची, आणि आता गेलेल्या पट्टीची, झळ शेवटी तिच्याच चुलीला बसणार होती. दळता दळता ती म्हणाली, "लग्न होऊन आले तवा तुज्या बानं मला सगळी जमीन दावली. लई कौतिक त्याला. पोरपनी गुरं राखायला ज्या बुरजावर बसायचा, तो बी दावला. वर, कातळाशी."

"मग तू बोलली नाहीस?"

"मला कोन इचारलं?" ती म्हणाली आणि मूठभर दाणे जात्यात टाकले. जेवताना मात्र तिने पहिली भाकरी आत्याला वाढली, बाच्या आधी. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. आत्या नको नको म्हणाली, तर आई म्हणाली, "खावा गुमान, वन्सं. निवून जाईल." बा खाली मान घालून हसत होता.

आलेल्या पैशात एक म्हातारा, एका शिंगाचा बैल आला. तो खाचराच्या मधोमध बसायचा आणि मग कुणाचं ऐकायचा नाही. शेजारच्यांशी सावड करून, त्यांचा बैल एक दिवस आम्हाला, आमची माणसं त्यांना, असं करत आम्ही कसंबसं नांगरलं. खालचा उतार त्या उन्हाळ्यात भकास झाला. आत्याचा हिरडा तेवढा करवंदाच्या जाळीच्या वरच्या अंगाला एकटा उभा दिसायचा. मी पुढे शिक्षिका झाले, गाव सुटलं. आज भावाचा मुलगा वनहक्काच्या दाव्यासाठी धावतो आहे. ती पट्टी पूर्वी आपली होती, असं जुन्या माणसांचं सांगणं पुरावा म्हणून चालतं म्हणे. मागे तो मला विचारायला आला होता. मी त्याला चहा दिला आणि ही सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "आत्या, एवढं सगळं नको, नुसता बुरूज कुठं होता तेवढं सांगा." मी सांगितलं, कातळाशी. आता सांगायला हरकत नव्हती. हौसाआत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत, आणि झाड आता कुणी तोडत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या चैत्रातलं. हिरडा धरला होता. आत्या रोज अंगणातून झाडाकडे बघायची. मग एक दिवस गार्ड ताक प्यायला आला, भांडं खाली ठेवलं आणि आईला उगाच मोठ्याने म्हणाला, "उद्यापासनं मी पलीकडच्या रानात हाय बरं का. हिकडं काय येनं व्हायचं न्हाई." उंबऱ्यापर्यंत जाऊन तो परत फिरला. "माज्या आईला खोकला हाय. वाळला की पसाभर ठेवा." तो फार दिवस आमच्याकडे राहिला नाही. त्याच्यानंतर आलेल्या गार्डने आत्याचं पोतं एकदा नाक्यावर जप्त केलं, आणि ती तिथे दिवसभर उन्हात बसून राहिली तेव्हा कुठे अर्धं परत दिलं. ते पुढचं. त्या वर्षी आम्हाला रान मोकळं होतं.

सकाळी आत्या आणि मी पाट्या घेऊन निघालो, तर बा आमच्या पुढे. त्याच्या खांद्यावर फांद्या ओढायची आकडी. आत्या थांबली. "तू कुठं?"

"झाडावर."

"तू कधी चढलास माज्या झाडावर?"

"तवा तुजं हुतं," बा म्हणाला. "आता तुजं न्हाई, माजं बी न्हाई. मग मला कोन अडवनार?"

आणि तो खरंच चढला. इतक्या वर्षांत मी त्याला त्या झाडाला टेकलेलाही पाहिला नव्हता. पागोटं त्याने खाली माझ्याकडे फेकलं होतं आणि केस विस्कटलेला, फांदीवर बसलेला माझा बाप मला कुणा दुसऱ्याच घरचा मुलगा वाटत होता. आत्या खाली मान वर करून, "पाय नीट ठेव, ती फांदी वाळली हाय, भिवा, तिकडं नको," असं ओरडत होती. मग ती पुढे झाली. खोडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "भिवा, तुला आठवत हुतं ना रं?"

"काय?"

"बुरूज."

पानांतून फक्त त्याचे अनवाणी पाय दिसत होते. मग आकडी अडकल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "आक्का, बाजूला सर. डोक्यात पडतील."

त्याने फांदी हलवली. आत्या बाजूला सरली नाही. पदर पसरून ती तशीच उभी राहिली, हिरडे तिच्या डोक्यावर, खांद्यावर, पायाशी टपटप पडत राहिले, आणि ती मोठमोठ्याने हसत होती. मी पागोटं दगडावर ठेवलं, पाटी खाली टाकली आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.